एकदा बसला की बसला!

मुलांनो, आपल्या खानदेशात समुद्र नाही. पण वरणगावजवळून वाहणारी तापीमाई पुढे सुरतजवळ अरबी समुद्रालाच मिळते. त्या समुद्राच्या काठावरच्या एका हट्टी प्राण्याची आज ओळख करून घेऊ या.

रत्नागिरी-मालवणकडे सहल गेली, तर ओहोटीच्या वेळी खडक नीट पाहा. पांढुरके, टोकाला भोक असलेले चिमुकले डोंगर दाटीवाटीने बसलेले दिसतील. अनवाणी पाय पडला तर कापलाच म्हणून समजा! हे आहेत बार्नॅकल. दिसायला शिंपल्याचे भाऊबंद, पण खरे नातेवाईक खेकडा आणि कोळंबी.

बार्नॅकलचं पिल्लू आधी पाण्यात मस्त पोहतं, कात टाकत वाढतं. शेवटी त्याला घराचे वेध लागतात. मग ते खाणंही सोडतं! साठवलेल्या शिदोरीवर भागवत, मिशांनी खडक चाचपत हिंडतं. जागा पसंत पडली की डोक्याकडची बाजू टेकवून चिकट द्रव सोडतं आणि भोवती चुन्याच्या पाट्यांचं घर बांधतं. आता जन्मभर मुक्काम इथेच!

मग जेवणाचं काय? भरती आली की छपराची झडप उघडते. पिसांसारखे पाय बाहेर येतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढतात. ओहोटी लागली की झडप बंद! आत ओलावा राखून स्वारी भर उन्हातही तग धरते.

हा प्राणी शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांना इतका आवडला, की १८४६ ते १८५४ अशी ८ वर्षं त्यांनी त्याच्या अभ्यासाला दिली.

जहाजवाले मात्र त्याच्यावर वैतागतात. जहाजाच्या तळाला बार्नॅकल चिकटले की तळ खरबरीत होतो, वेग घटतो, इंधन जास्त जळतं. म्हणून तळाला विषारी रंग लावू लागले. पण कथिलाची संयुगं असलेल्या रंगांमुळे समुद्री गोगलगायींची पैदासच खुंटू लागली! एकाला हटवायला गेलो आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात आला. अखेर आंतरराष्ट्रीय करारानुसार २००८ पासून जहाजांवर अशा रंगांना बंदी आली. पिल्लं जागा कशी निवडतात हे कळलं, तर विषाविना उपाय सापडू शकेल. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत यावर संशोधन झालं आहे.

समुद्रावर गेलात तर पायात चप्पल असू द्या, मोठ्यांना बरोबर घ्या. खडकातल्या पाण्याच्या डबक्याजवळ गुपचूप बसा. बार्नॅकलचे पाय आतबाहेर करताना दिसतील. फक्त तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. पडली, की झडप झटकन बंद!