मूठ उघडा, हिशेब दाखवा

आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण आज मोटारसायकलवरून जेवण आणि पार्सले पोहोचवतात, कुणी टॅक्सी चालवतात. त्यांच्यावर मुकादम नाही. कुणाला कोणती फेरी, किती पैसे, कुणाचे खाते बंद, हे सारे मोबाईलवरच कळते. त्यामागे कंपनीने संगणकाला घालून दिलेले नियम असतात. त्यांनाच 'अल्गोरिदम' म्हणतात. मुकादमाला निदान "पैसे का कापले?" असे विचारता तरी येत होते!

हे नियम कंपन्यांनी सरकारला दाखवावेत काय? कंपन्या म्हणतात, हे आमच्या धंद्याचे गुपित आहे. दुकानदाराने मसाल्याची कृती खुशाल झाकून ठेवावी. पण तराजू त्याला वजनमापे निरीक्षकाकडून तपासून घ्यावाच लागतो. मजुरी मोजणारा अल्गोरिदम हाही तराजूच आहे.

करवीरनगरीला हा विचार नवा नाही. २६ जुलै १९०२ रोजी राजर्षी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. हुकूम गॅझेटात छापला. प्रत्येक खातेप्रमुखाने नव्या नेमणुकांचा तक्ता दर तिमाहीस पाठवावा, असेही बजावले. नुसत्या नियमाने भागत नाही, तो पाळला जातो की नाही हे तपासावे लागते, हे महाराजांनी ओळखले होते.

आता कागलपलीकडच्या कर्नाटकाने २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदा केला. संगणक त्यांच्या कामाचे व कमाईचे निर्णय कसे घेतो, याची माहिती मागण्याचा हक्क त्यांना मिळाला. दूर नेदरलँड्समध्येही ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये 'ओला' या भारतीय कंपनीला, चालकांच्या पैशांतून आपोआप कपात कशी होते याचा खुलासा करायला सांगितले. परदेशातला चालक जे विचारू शकतो, ते आपल्या मुलांनी का विचारू नये?

मात्र माहिती सरकारी कपाटात पडून राहिली तर उपयोग नाही. अधिकाऱ्याने तपासावे आणि कामगाराला त्याच्या भाषेत कारण कळावे, या दोन्ही मागण्या एकत्र हव्यात.

तोवर घरच्यांनी एक करावे. रोजच्या फेऱ्या, मिळालेले पैसे व कपात वहीत लिहून ठेवावी. चार-पाच जणांच्या वह्या जुळवून पाहाव्यात आणि युनियनच्या मदतीने कामगार कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तोंडी तक्रार हवेत विरते, लेखी हिशेबाला उत्तर द्यावे लागते.

आचार्य काही ज्ञान मुठीत झाकून ठेवतात, तशी मूठ आपण ठेवली नाही, असे तथागतांनी आनंदाला सांगितले होते. ज्यांच्या मुठीत आपल्या मुलांची भाकर आहे, त्यांनीही ती उघडलीच पाहिजे.