पैंजणांमागचा धूर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीची पैंजणं घडतात, आणि त्यातलं बरंच काम कारखान्यात नव्हे, राहत्या घरांत चालतं. बाळाला चांदीच्या वाटीतून भरवणाऱ्या आपल्या समाजाला या धातूत काही वावगं असेल असं वाटतच नाही. घन चांदीपुरता हा विश्वास बरोबर आहे. तिची बारीक धूळ वा वाफ वर्षानुवर्षं शरीरात जात राहिली, तर मात्र त्वचा आणि डोळ्यांचा पांढरा भाग निळसर-राखाडी होतो. या विकाराला अर्जिरिया म्हणतात आणि चढलेला रंग पुन्हा उतरत नाही. अमेरिकेत कामाच्या जागी हवेतल्या चांदीची कायदेशीर मर्यादा घनमीटरमागे ०.०१ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, ती यासाठीच. तरीही अर्जिरियाने सहसा जीव जात नाही. जिवावर बेततं ते चांदीसोबत वापरल्या जाणाऱ्या इतर पदार्थांमुळे, आणि काळजी घ्यायची ती मुख्यतः त्यांची.

त्यात पहिला कॅडमियम. सांधे जोडायची झाळ लवकर वितळावी, सांध्यात नीट शिरावी म्हणून तो तिच्यात मिसळला जातो. चांदी वितळते ९६२ अंश सेल्सियसच्या आसपास. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतो. म्हणजे ज्योत सांध्यावर धरली की त्याची वाफ कारागिराच्या नाकासमोरच उठते. त्या वेळी फार तर घसा खवखवतो. ताप, खोकला, छातीत दुखणं काही तासांनी सुरू होतं, आणि तोवर माणूस घरी जाऊन फ्लू समजून झोपलेला असतो. मोठी मात्रा फुप्फुसं निकामी करू शकते. थोडी थोडी मात्रा मूत्रपिंडांत साठते आणि दहा-दहा वर्षं तिथून हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे.

चांदी शुद्ध करायला नायट्रिक तेजाबात विरघळवली की तपकिरी धूर निघतो. त्यानेही फुप्फुसांत पाणी भरतं, तेही कित्येक तास उलटल्यावर. मुलामा देण्याच्या द्रावणात सायनाइड असतं; त्यात तेजाब सांडलं की प्राणघातक वायू सुटतो, म्हणून या दोन बरण्या एका फळीवर कधीच ठेवू नयेत. चांदीच्या क्षाराचं अमोनियातलं द्रावण तर नुसतं ठेवून दिलं तरी त्यात स्फोटक गाळ साचू शकतो.

पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालत आलं, कुणाला काय झालं, असं यावर म्हटलं जातं. पण उशिरा उमटणाऱ्या आजाराची नोंद कुणी ठेवलीच नसेल, तर काही झालं नाही हे कशाच्या आधारावर म्हणायचं? दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. कॅडमियमविरहित झाळ थोडी जास्त उष्णता मागते, हात बसायला वेळ लागतो. मात्र बहुतेक कामांत ती चालते. धूर ओढून घेणारा पंखा आणि गाळणी यांचा खर्चही निव्वळ तोट्याचा नाही. केरातून सोन्या-चांदीचे कण वेगळे काढणारे झारेकरी सराफी पेठेतला केर मोल देऊन नेत आले आहेत. गाळणीतली चांदीही तशीच परत मिळवता येते. जमिनीवरचा कण न्‌ कण झाडून ठेवणाऱ्या धंद्याने हवेतला कण कारागिराच्या छातीत जाऊ द्यावा, हा हिशेब मला तरी पटत नाही. पंख्याऐवजी नाकाला बांधलेला साधा कापडी रुमाल मात्र उपयोगाचा नाही. वाफ त्यातून सहज आत जाते.

कायद्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून धरला जाई. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने ही संख्या वीस केली. घरातल्या चार माणसांची भट्टी दोन्हींच्या बाहेर राहते, आणि त्याच खोलीत मुलं अभ्यास करतात, स्वयंपाकही होतो. तेव्हा सुरुवात मालकाने आणि सराफाने करावी: झाळ घेताना ती कॅडमियमविरहित असल्याचं बिलावर लिहून मागावं, आणि झाळण्याचं काम राहत्या खोलीतून बाहेर काढावं.