निष्ठा देशाशी, साक्ष कुणाची?

अमेरिकेतल्या बहुतेक सरकारी शाळांत दिवसाची सुरुवात एकसारखीच होते. मुलं उभी राहतात, उजवा हात छातीवर ठेवतात आणि वर्गातल्या राष्ट्रध्वजाकडे पाहून निष्ठेची प्रतिज्ञा म्हणतात. प्रतिज्ञा एका वाक्याची आहे. ध्वजाशी व प्रजासत्ताकाशी निष्ठा, अविभाज्य राष्ट्र, सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय, एवढाच तिचा आशय. मात्र 'एक राष्ट्र' म्हटल्यावर लगेच 'ईश्वराच्या छत्राखाली' असंही म्हणावं लागतं. हे शब्द मूळ प्रतिज्ञेत नव्हते. ते का घातले गेले आणि पुढे काय झालं, हे आपणही समजून घ्यायला हवं, कारण हाच प्रश्न आपल्या संविधान सभेपुढेही आला होता.

1892 साली फ्रान्सिस बेलामी यांनी ही प्रतिज्ञा लिहिली. कोलंबसाच्या सफरीला 400 वर्षं होत होती. त्यानिमित्त देशभरच्या शाळांत ध्वजवंदन व्हावं म्हणून बोस्टनच्या 'यूथ्स कंपॅनियन' या साप्ताहिकाने ती छापली. बेलामी स्वतः बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. तरीही त्यांनी प्रतिज्ञेत देव आणला नाही. यादवी युद्ध संपून तीसही वर्षं झाली नव्हती, त्यामुळे त्यांना 'अविभाज्य' हा शब्द महत्त्वाचा वाटला. देश एक राहावा, ही त्या काळाची चिंता होती.

देवाचं नाव नसतानाही प्रतिज्ञेने श्रद्धेला धक्का दिलाच. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना ध्वजाला वंदन करणं म्हणजे मूर्तिपूजा वाटते. 1935 साली पेनसिल्व्हेनियातल्या माइनर्सव्हिल या गावात या पंथाच्या 12 वर्षांच्या लिलियनने आणि 10 वर्षांच्या विल्यमने वंदन करायला नकार दिला आणि दोघांना शाळेतून काढून टाकलं गेलं. 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. त्यानंतर या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले, मेन राज्यात तर त्यांचं प्रार्थनागृह जाळण्यात आलं. तीनच वर्षांत न्यायालयाने आपली चूक दुरुस्त केली. 14 जून 1943 रोजी, ऐन ध्वजदिनी, न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी निकाल दिला की राजकारण, राष्ट्रवाद किंवा धर्म यांत नागरिकाने काय मानावं हे कोणताही सरकारी अधिकारी ठरवू शकत नाही. तेव्हापासून कोणत्याही मुलावर प्रतिज्ञेची सक्ती करता येत नाही.

देव आला तो शीतयुद्धात. 'नाइट्स ऑफ कोलंबस' या कॅथलिक संघटनेने 1951 पासून आपल्या सभांत 'ईश्वराच्या छत्राखाली' हे शब्द म्हणायला सुरुवात केली होती. 7 फेब्रुवारी 1954 रोजी वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर उपासनेला बसले होते. मूळचे स्कॉटलंडचे धर्मोपदेशक जॉर्ज डॉचर्टी यांनी त्या दिवशीच्या प्रवचनात विचारलं, की ही प्रतिज्ञा मॉस्कोतली मुलंही आपल्या विळा-हातोड्याच्या झेंड्यापुढे उभी राहून म्हणू शकतील, मग आपलं वेगळेपण ते काय? निरीश्वरवादी साम्यवादाहून वेगळं दिसण्यासाठी देव हवा, असा तो युक्तिवाद होता. 14 जून 1954 रोजी आयझेनहॉवर यांनी हे शब्द प्रतिज्ञेत घालणाऱ्या कायद्यावर सही केली. सक्तीविरोधी निकालाला त्याच दिवशी 11 वर्षं पूर्ण झाली होती.

यानंतरचा मोठा खटला मायकेल न्यूडाऊ यांचा. कॅलिफोर्नियातले हे डॉक्टर नास्तिक आहेत आणि वकिलीही शिकलेले आहेत. शाळेत रोज आपल्या मुलीला सांगितलं जातं की तुझे वडील चुकीचे आहेत, हे त्यांचं म्हणणं. 2002 मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तेव्हा देशात गदारोळ उठला आणि सिनेटने 99 विरुद्ध शून्य मतांनी प्रतिज्ञेला पाठिंबा जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयात न्यूडाऊ यांनी स्वतःच बाजू मांडली. सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी विचारलं, 1954 मध्ये संसदेत मतदान कसं झालं होतं? एकमताने झालं असावं, असं उत्तर मिळताच ते म्हणाले, मग यात फूट पाडणारं काय आहे? कारण इथे नास्तिक माणूस निवडूनच येऊ शकत नाही, असं न्यूडाऊ यांनी उत्तर दिलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा टाळ्या वाजल्या तर दालन रिकामं करू, अशी तंबी सरन्यायाधीशांना द्यावी लागली. अखेर मुलीचा कायदेशीर ताबा न्यूडाऊ यांच्याकडे नाही, या कारणावरून खटला निकाली निघाला. मूळ प्रश्न न्यायालयाने सोडवला नाही.

या शब्दांची पाठराखण करणारे म्हणतात, की इतक्या वर्षांच्या वापराने ते निव्वळ समारंभापुरते उरले आहेत, त्यात उपासना नाही. मला हा बचाव श्रद्धेचाच अपमान वाटतो. ज्या नावापुढे भाविक मनापासून नतमस्तक होतो, त्यात काही अर्थ उरलेला नाही, असं सांगून ते टिकवायचं हा कसला आदर? आणि अर्थ उरला असेल, तर तो न मानणाऱ्याच्या तोंडी घालण्याचा हक्क सरकारला कुणी दिला?

आपल्याकडे 17 ऑक्टोबर 1949 रोजी हरि विष्णु कामत यांनी संविधान सभेत सुचवलं, की उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. पूर्णिमा बॅनर्जी यांनी त्यांना विनवलं, की देवाला मताला टाकू नका. त्या स्वतः श्रद्धाळू होत्या. तरीही मतदान झालं आणि 41 विरुद्ध 68 मतांनी सूचना फेटाळली गेली. मंत्री आणि आमदार-खासदारांच्या शपथेत मात्र संविधानाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या: ईश्वरसाक्ष शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. आस्तिक-नास्तिक दोघांचीही सोय झाली, कुणाला खोटं बोलावं लागत नाही. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 साली तेलुगूत लिहिलेली आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या पानांवर छापली जाणारी प्रतिज्ञाही देवाचं नाव न घेता देशावर प्रेम करायला सांगते. 1986 मध्ये केरळातल्या, 'यहोवाचे साक्षीदार' पंथाच्याच तीन भावंडांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभं राहणारं मूल ते गात नसेल, तर त्याला शाळेतून काढता येणार नाही. त्या निकालात जॅक्सन यांच्या निकालाचाही आधार आहे.

गप्प राहण्याचा हक्क मोलाचा आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. भर वर्गात एकट्याने ओठ मिटून उभं राहणं मोठ्यांनाही जड जातं, आठ वर्षांच्या मुलाला तर फारच. म्हणून जी प्रतिज्ञा सगळ्या मुलांनी मिळून म्हणायची, तिच्यात देशाने तेवढंच मागावं जे मागण्याचा त्याला अधिकार आहे: कायद्याचा मान, समता, बंधुभाव. देवाचं नाव घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.