नगरनियोजन कायदा आणि ऐतिहासिक वास्तूंचे संरक्षण : मुंबईच्या वारसा नियमावलीचा चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

ऐतिहासिक वास्तू म्हटली की किल्ला, लेणे, मंदिर किंवा समाधी डोळ्यांसमोर येते. अशा अनेक स्मारकांना पुरातत्त्व कायद्याचे संरक्षण लाभले आहे. परंतु जुन्या शहराचे रूप केवळ स्मारकांमुळे घडत नाही. राहते वाडे, चाळी, बाजारपेठा, ग्रंथालये, महाविद्यालयांच्या इमारती आणि त्यांना जोडणारे रस्ते यांतून शहराचा इतिहास दृश्यमान होतो. या वास्तू वापरात असतात, त्यांत भाडेकरू राहतात आणि त्यांच्याखालील जमिनीची किंमत अनेकदा इमारतीच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक असते. अशा वास्तूंचे संरक्षण नगरनियोजन कायद्याच्या कक्षेत येते. हे संरक्षण कसे चालते आणि ते नेमके कोठे अपुरे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुंबईच्या उदाहरणाद्वारे केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१) पुरातत्त्व कायदा आणि नियोजन कायदा यांच्या संरक्षणातील भेद स्पष्ट करणे.
२) मुंबईच्या वारसा नियमावलीचे स्वरूप समजून घेणे.
३) नियमावलीच्या मर्यादांची कारणे शोधणे.

सदर लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून त्यासाठी अधिनियम, नियमावली आणि प्रकाशित साहित्य या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

संरक्षणाचे दोन मार्ग

केंद्र शासनाचा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम १९५८ हा किमान शंभर वर्षे जुन्या वास्तूंना लागू होतो. एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झाली की तिच्या जतनाची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे येते. २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाभोवतीचे १०० मीटरचे क्षेत्र बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित ठरते. महाराष्ट्राने याच धर्तीवर १९६० मध्ये राज्य संरक्षित स्मारकांसाठी स्वतंत्र अधिनियम केला.

हा मार्ग निवडक स्मारकांसाठी योग्य असला तरी संपूर्ण वस्तीला तो लागू करता येत नाही. शेकडो राहत्या इमारती शासनाने स्वतःकडे घेऊन सांभाळणे शक्य नसते, तसेच तेथील जीवनव्यवहार गोठवणेही इष्ट नसते. येथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ महत्त्वाचा ठरतो. या अधिनियमाच्या कलम २२ नुसार ऐतिहासिक, नैसर्गिक व वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या वास्तू आणि स्थळे यांच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करता येते. १९९४ च्या दुरुस्तीने वारसा इमारत व वारसा परिसर या संज्ञांना अधिनियमात स्थान मिळाले. 'विकास' या संज्ञेच्या व्याख्येत इमारत पाडण्याचाही समावेश झाला. हा बदल वरवर तांत्रिक वाटतो, पण त्याचा परिणाम मोठा आहे. विकासासाठी नियोजन प्राधिकरणाची पूर्वपरवानगी बंधनकारक असते. पाडकाम हा 'विकास' ठरल्यामुळे वास्तू नष्ट करण्यापूर्वी मालकाला प्राधिकरणाच्या दारात यावे लागते. मालकी खासगीच राहते, नियंत्रण मात्र सार्वजनिक होते.

मुंबईची वारसा नियमावली

या तरतुदींच्या आधारे बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावली १९९१ मधील नियम ६७ हा १९९५ मध्ये लागू झाला. शहर पातळीवर वारसा इमारती व परिसर यांना नियोजन कायद्याद्वारे संरक्षण देणारी ही देशातील पहिली नियमावली मानली जाते. नागरी संघटनांनी दीर्घकाळ केलेला पाठपुरावा आणि इन्टॅकसारख्या संस्थांनी केलेले सूचीकरण यांचा तिच्यामागे मोठा वाटा होता. सूचीतील वास्तूंच्या बाबतीत महापालिकेला सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली. पुढे विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ अमलात आल्यावर या तरतुदी तिच्या नियम ५२ मध्ये समाविष्ट झाल्या.

सूचीतील वास्तूंची विभागणी तीन श्रेणींत केली जाते. श्रेणी १ मध्ये राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक दृष्ट्या सर्वाधिक महत्त्वाच्या वास्तू येतात आणि त्यांत जतनासाठी अपरिहार्य तेवढाच हस्तक्षेप मान्य होतो. श्रेणी २ मधील वास्तूंचे महत्त्व प्रादेशिक किंवा स्थानिक असते. या श्रेणीचे 'अ' व 'ब' असे दोन उपविभाग असून 'ब' विभागात अंतर्गत फेरबदलास व मूळ रूपाशी सुसंगत वाढीव बांधकामास अधिक वाव असतो. श्रेणी ३ मधील वास्तू नगरदृश्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या असतात आणि त्यांच्यात तुलनेने मोठे बदल करता येतात. यांशिवाय वारसा परिसर ही संकल्पना आहे. एकेक इमारत साधी असली तरी त्यांची उंची, गच्च्या, सज्जे आणि रस्त्याशी असलेले नाते यांतून जो एकत्रित परिणाम साधतो, त्याचे जतन तिच्यात अभिप्रेत असते.

नियमावलीची फलश्रुती नाकारता येणार नाही. २००४ मध्ये तत्कालीन छत्रपती शिवाजी टर्मिनसला आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. मैदानाभोवतीचे नगरदृश्य आजही बऱ्याच अंशी अखंड आहे, यात नियोजनविषयक नियंत्रणाचा वाटा आहे.

परवानगीच्या पद्धतीची मर्यादा

असे असले तरी परवानगीवर आधारलेल्या पद्धतीत एक मूलभूत उणीव आहे. मालक काही करू इच्छितो तेव्हाच ती कार्यरत होते. मालकाने काहीच केले नाही, तर परवानगीचा प्रश्न उपस्थित होत नाही. गळके छप्पर, गंजलेले लोखंड आणि कुजलेल्या तुळया यांना कोणाची परवानगी लागत नाही.

काळा घोडा परिसरातील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजेच पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल, हे याचे बोलके उदाहरण आहे. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून १८६० च्या दशकात उभारलेली ही इमारत स्थापत्याच्या इतिहासात दुर्मीळ आहे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. सूचीत ती श्रेणी २-अ मध्ये आहे. तथापि २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि त्यात जीवितहानी झाली. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली आणि ती पाडावी की दुरुस्त करावी यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. वारसा नियमावली या सर्व काळात लागू होती. तिने इमारत पाडू दिली नाही, पण तिची पडझडही थांबवली नाही.

दुर्लक्षामागील अर्थकारण

या पडझडीचा दोष केवळ मालकांच्या अनास्थेवर टाकता येत नाही. १९४७ च्या भाडे नियंत्रण अधिनियमाने मुंबईतील भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. प्रमाण भाडे असे गोठवून ठेवणे कालांतराने अवाजवी ठरले आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या अखेरीस दिला. त्यानंतरच्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ ने दरवर्षी चार टक्के वाढीस मुभा दिली. परंतु मूळ भाडेच नगण्य असल्याने त्यातून दुरुस्तीचा खर्च निघणे अशक्य राहिले. भाडेकरूंच्या दृष्टीने हेच संरक्षण त्यांच्या निवाऱ्याचा आधार होते, हेही विसरता येत नाही. १९६९ पासून शासनाने उपकर घेऊन दुरुस्तीची जबाबदारी स्वीकारली. मात्र सुरुवातीच्या सुमारे १९ हजार उपकरप्राप्त इमारतींचा व्याप पाहता हे साधन अपुरेच होते.

दुसरीकडे, नियम ३३(७) अन्वये उपकरप्राप्त इमारत पाडून नवी बांधल्यास वाढीव चटई क्षेत्र निर्देशांक मिळू लागला. यात भाडेकरूला मालकीचे घर, मालकाला मोबदला आणि विकासकाला नफा मिळतो. जतनात मात्र तिघांचाही प्रत्यक्ष लाभ अल्प असतो. थोडक्यात, एक नियम वास्तू राखण्यास सांगतो आणि दुसरा ती पाडल्याचे बक्षीस देतो. १९९९ मध्ये श्रेणी ३ मधील उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी वारसा नियंत्रण शिथिल करण्यात आले, तेव्हा या संघर्षात कोणती बाजू प्रबळ आहे हे स्पष्ट झाले. २०१२ मध्ये सूचीचा विस्तार प्रस्तावित झाला असता दादर-शिवाजी पार्क परिसरातील अनेक रहिवाशांनी विरोध केला. त्यांची भीती अनाठायी नव्हती. सूचीतील नोंद म्हणजे पुनर्विकासाची संधी गमावणे, असाच त्यांचा अनुभवजन्य समज होता.

वारसा नियमावलीत दोन उपाय सुचवलेले आहेत. नियमांमुळे वापरता न येणारी बांधकामक्षमता मालकाला हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने अन्यत्र वापरता किंवा विकता येते. दुरुस्ती निधीची तरतूद मात्र ऐच्छिक आहे. तो उभारता येईल इतकेच ती सांगते.

तौलनिक दृष्टिक्षेप

ब्रिटनमध्ये १९६७ च्या नागरी सुविधा अधिनियमाने संवर्धन क्षेत्र ही संकल्पना कायद्यात आणली. तेथील १९९० च्या अधिनियमातील दोन तरतुदी आपल्या दृष्टीने विचारार्ह आहेत. सूचीतील इमारतीच्या विनावापर भागाची तातडीची दुरुस्ती स्थानिक प्राधिकरण स्वतः करून तिचा खर्च मालकाकडून वसूल करू शकते. तसेच दुरुस्तीची नोटीस देऊनही मालकाने ती न केल्यास इमारत सक्तीने संपादित करता येते. म्हणजे तेथे निष्क्रियतेवरही कायद्याची नजर असते.

हैदराबादचा अनुभव वेगळा इशारा देतो. तेथेही १९९५ मध्ये वारसा नियम करण्यात आला होता, परंतु २०१५ मध्ये शासनाने तो रद्द केला. स्वतंत्र राज्य अधिनियम २०१७ मध्ये आला. नियमाद्वारे दिलेले संरक्षण शासकीय आदेशाने काढूनही घेता येते, ही बाब यातून अधोरेखित होते.

निष्कर्ष

१) नियोजन कायद्याने वापरात असलेल्या खासगी वास्तूंना संरक्षणाच्या कक्षेत आणले, हे त्याचे मोठे योगदान आहे.
२) सध्याची पद्धती पाडकामाला अडवते. दुर्लक्षाला अडवण्यासाठी दुरुस्तीची अंमलात आणता येईल अशी सक्ती आणि निश्चित निधी या दोहोंची गरज आहे. निधीविना सक्ती केल्यास तिचा भार अखेर भाडेकरूंवर पडण्याचा धोका आहे.
३) विकास हक्काचे हस्तांतरण मूळ इमारतीची दुरुस्ती पूर्ण होण्याशी जोडले जावे.
४) पुनर्विकासाचे प्रोत्साहन आणि जतनाचे नियम यांतील विसंगती दूर झाल्याशिवाय रहिवाशांचा विरोध मावळणार नाही.

२०२० मध्ये मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागासाठी लागू झालेल्या एकत्रिकृत नियमावलीतही वारसा जतनाच्या तरतुदी आहेत. मात्र सूची तयार झाल्याशिवाय या तरतुदी कागदावरच राहतात. जिल्हा व तालुक्याच्या ठिकाणी असे सूचीकरण करू शकणारे मनुष्यबळ नगरपरिषदांकडे क्वचितच असते. इतिहास, भूगोल, समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून आपल्या गावातील वाडे, पेठा आणि सार्वजनिक इमारती यांची नोंद केली, त्यांतील रहिवाशांची स्थिती अभ्यासली आणि ही माहिती स्थानिक प्राधिकरणापुढे मांडली, तर महाविद्यालये या कार्यात मोलाचा हातभार लावू शकतील.