छापील नक्षीची खापरे कशी ओळखावीत

कुंचल्याने न काढता तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून कागदामार्फत उतरवलेली नक्षी असलेली चिनी मातीची भांडी इंग्लंडमध्ये १७५० च्या दशकापासून बनू लागली. झिलईखालच्या निळ्या छपाईचा जम स्टोक येथे जोसाया स्पोड यांनी १७८४ च्या सुमारास बसवला. नगरचा भुईकोट किल्ला १२ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या हाती गेला, पुढे तिथे छावणी वसली आणि १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. साहेबी मेजावरच्या बशीला नगर जिल्ह्यात येण्याच्या या वाटा होत्या.

आयात भांड्यांचा अभ्यास जिल्ह्याला नवा नाही. ह. धी. सांकळिया आणि सहकाऱ्यांनी १९५४-५६ मध्ये नेवाशाला प्रवरेकाठी केलेल्या उत्खननात भूमध्य समुद्राकडून आलेल्या दोनकानी मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आणि रोमशी असलेल्या व्यापाराचा पुरावा म्हणून ते गाजले. वरच्या थरांतल्या छापील खापरांना हा मान क्वचितच मिळतो. वास्तविक त्यांची तारीख रोमन कुंभापेक्षा कितीतरी नेमकी सांगता येते.

ओळखीची सुरुवात छपाईच्या रीतीतून होते. गरम पत्र्यावर तेलकट रंग चोळून पुसला की तो कोरीव रेघांतच उरतो. पातळ कागदावर ठसा घेऊन तो एकदा भाजलेल्या भांड्यावर दाबतात, कागद धुऊन काढतात, मग झिलई देऊन पुन्हा भाजतात. काठाची पट्टी कापून जोडलेली असल्यामुळे एखाद्या ठिकाणी वेल तुटतो किंवा फुलावर फूल चढते. हा सांधा दिसला की नक्षी छापील आहे यात शंका राहत नाही. भिंगाखाली सुरुवातीच्या कामात नुसत्या रेघा दिसतात. एकोणिसाव्या शतकात सावलीसाठी बारीक ठिपकेही येतात. हाताने रंगवलेल्या चिनी भांड्यावर कुंचल्याचा ओघ आणि रंगाची कमीजास्त गडदता दिसते. तुटलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाकावा: इंग्रजी मातीकामाची कड तो शोषून घेते, अस्सल पोर्सिलीनची घेत नाही.

मधले चित्र बहुधा फुटून गेलेले असते, म्हणून काठ मोलाचा. स्पोडच्या भारतीय शिकारीच्या मालिकेत ताट, बशी, वाडगे यांवरचे प्रसंग वेगळे असले तरी काठ एकच आहे. ही चित्रे १८०७ साली लंडनला छापलेल्या थॉमस विल्यमसन यांच्या शिकारग्रंथातून घेतलेली आहेत. भारतातला देखावा इंग्लंडमध्ये छापून बशीवर चढला, हा प्रवास खरोखर लक्षात ठेवण्याजोगा आहे. उलट विलो नक्षी, म्हणजे पूल, त्यावरची माणसे, वाकलेले झाड आणि दोन पाखरे, अनेक कारखान्यांनी छापली. तिच्यावरून कारखाना ठरवू नये.

रंगही बोलतो. झिलईखालच्या छपाईत निळा सर्वांत जुना. तपकिरी, हिरवा, गुलाबी, जांभळा हे १८२० च्या दशकानंतर रूढ झाले. मुद्दाम ओघळू दिलेला निळा १८३० च्या दशकापासूनचा.

बुडावरचा शिक्का सापडला तर निम्मे काम होते. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणीखूण १८४२ ते १८८३ मधली, नोंदणीक्रमांक १८८४ नंतरचा. अमेरिकेच्या जकात कायद्यामुळे ‘इंग्लंड’ हे नाव १८९१ पासून नेमाने येऊ लागले. स्फिंक्सचे चित्र दिसले तर हॉलंडमधल्या मास्ट्रिख्टचा रेगूट कारखाना आठवावा.

तारीख मात्र जपून वापरावी लागते. १८४२ नंतरची खूण असलेला तुकडा ज्या थरात पडला तो थर १८४२ च्या आधीचा नाही, एवढेच सिद्ध होते. चांगले ताट घरात दोन पिढ्या टिकते. शिवाय धाब्याच्या घरांसाठी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून माती नेली जाते आणि थर उलटेपालटे होतात. म्हणून तुकडा कुठे, किती खोलीवर आणि कशासोबत मिळाला ही नोंद नक्षीइतकीच महत्त्वाची.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. शेतात किंवा जुन्या बंगल्याच्या आवारात असे खापर दिसले तर ते उचलण्याआधी जागेचे छायाचित्र घ्यावे आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे.