चार दोऱ्या आणि एक मनगट

माझे एक सत्तरीतील रुग्ण सॅन दिएगोला लेकीकडे राहून परतले, ते उजव्या मनगटाचे दुखणे घेऊन. तेथील किनाऱ्यावर नातवासोबत ते चार दोऱ्यांचा पतंग उडवीत. ‘‘पतंग सारखा डावीकडे फिरतो, म्हणून उजवी मूठ वाकवूनच धरावी लागते,’’ ते म्हणाले. निदान त्या वाक्यातच होते.

या पतंगाला दोन मुठी असतात. प्रत्येकीच्या वरच्या व खालच्या टोकाला एकेक दोरी. खालची दोरी ओढली की त्या बाजूचा पंख आवरला जातो आणि पतंग तिकडे वळतो. ती दोनतीन इंच आखूड असली तरी तेच घडते. यासाठी चारही दोऱ्यांची टोके एका खुंटीला अडकवून, दुसरी टोके सारख्या ताणाने ओढून जुळवावीत. नव्या दोऱ्या वापराने कमीअधिक ताणतात. तेव्हा ही तपासणी पुनःपुन्हा करावी. किरकोळ फरक मुठीवरच्या जोडदोरीची गाठ बदलून भरून निघतो.

लांबी किती असावी? ३० फुटांवर पतंग फार चपळ होतो. ८० ते १२० फुटांवर तो सावकाश वळतो, हातांना सवड मिळते. ज्येष्ठांनी ८० फुटांपासून आरंभ करावा. मैदान मात्र निर्मनुष्य हवे. ताणलेली दोरी कातडी कापते. मान वर केल्यास चक्कर येत असेल, तर पतंग खालीच स्थिर ठेवावा. या प्रकारात ते साधते.

नातवाने तिकडे दोऱ्या मोजल्या. डावी खालची अडीच इंच आखूड निघाली. आजोबांना मी औषधापेक्षा विश्रांतीच अधिक सांगितली.