नाडी कोठे, शीर कोठे?

आपला एक हात खाली सोडा. थोडा वेळ तसाच राहू द्या. हाताच्या पाठीवर निळसर दोऱ्या फुगतील. आता तोच हात डोक्याच्या वर धरा. दोऱ्या बसल्या ना? ह्यांना आपण शिरा म्हणतो. पुस्तकात त्यांना नीला म्हणतात. नीला अंगातले रक्त हृदयाकडे परत आणतात. हात वर केला की रक्ताला उतार मिळतो, पाटाच्या पाण्यासारखा. दवाखान्यात तपासणीला रक्त काढतात ते नीलेतूनच. सलाईनही तिलाच लावतात.

हृदयाकडून रक्त घेऊन जाणाऱ्या नळ्या निराळ्या. त्या रोहिणी. कोणी धमनी म्हणतात. हृदय असते मुठीएवढे. ते आकसले की रक्त जोराने रोहिणीत शिरते आणि रोहिणी उडते. हे उडणे म्हणजेच नाडी. शिरेवर बोट ठेवा, ठोका लागणार नाही. ओळखायची खूण हीच.

शाळेच्या तक्त्यावर नीला निळ्या रंगाने काढतात. त्यावरून रक्त निळे असते असे कोणी समजू नये. नीलेतले रक्त काळपट लाल, रोहिणीतले लालभडक. फुप्फुसाच्या वाटेवर मात्र उलट असते, कारण तिथेच रक्ताला ताजी हवा मिळते.

आता मनगटाच्या आतल्या अंगाला, अंगठ्याच्या बाजूस, दोन बोटे टेका. नाडी लागेल. अंगठ्याने पाहू नका. अंगठ्याला त्याची स्वतःची नाडी असते, तीच लागायची. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात.

सर्वांत मोठी ती महारोहिणी. ती हृदयातून वर निघते, कमान घेते आणि पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते. बेंबीजवळ तिला दोन फाटे फुटतात, एकेका पायासाठी एक. जांघेत हात दाबला की हा फाटा उडताना लागतो. वरच्या कमानीतून हातांना व मानेला फांद्या जातात. मानेत श्वासनळीच्या दोन्ही अंगांना नाडी लागते. ते रक्त मेंदूला जाते. दोन्ही बाजू एकदम दाबू नका, घेरी येईल.

रक्त असे फिरते, हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली पुस्तक छापून दाखवले. तोवर शिकलेली माणसेही म्हणत, की यकृतात रोज नवे रक्त होते आणि अंगात जिरून जाते!

मोठ्या माणसाच्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर. ऊस तोडताना कोयता लागला आणि लालभडक रक्ताची चिळकांडी उडू लागली, तर रोहिणी तुटली असे समजा. मांडीची मोठी रोहिणी तुटली तर माणूस काही मिनिटांत हातचा जातो. रक्त काळपट असले, संथ वाहत असले, तर ती नीला. उपाय दोन्हींना एकच. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवा आणि तळहाताने जोर देऊन दाबा. तंबाखू, चुना, माती काही भरू नका. आमच्याकडे अजून भरतात. बारीक सुतळीही आवळू नका. कापड उचलून "थांबले का" म्हणून घडीघडी पाहू नका. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. एकाने दाबून धरावे, दुसऱ्याने १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.